व्याह्यांच्या पंगतीतली शिवी

त्या माणसाला मी माफ केलेलं नाही, आणि या वयात करायचा विचारही नाही. लोक सांगतात, झालं गेलं विसरून जावं, मन हलकं होतं. माझं मन मुळीच जड नाही. जेवण पचतं, झोप लागते, आणि अधूनमधून तो माणूस आठवला की हात शिवशिवतात, एवढंच. त्याला मी काही रोग मानत नाही.

तो जयपूरच्या एका ठाण्याचा थानेदार होता, म्हणजे आपल्याकडचा फौजदार. आणि गोष्ट माझ्या धाकट्या बहिणीची आहे. चार वर्षांची असताना ती श्रावणातल्या तीजेच्या मिरवणुकीत हरवली आणि या माणसाने तिला कागदावर मारून टाकलं.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. वडील केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात होते, बदलीची नोकरी. मूळचे आम्ही साताऱ्याकडचे, तिथून पुणे, मग नागपूर, आणि मग एकदम जयपूर. बनी पार्कात एका घराचा मागचा अर्धा भाग आम्ही भाड्याने घेतला होता. पुढे घरमालक आणि घरमालकीण, त्यांना आम्ही चाचाजी-चाचीजी म्हणायचो, आणि मागे आम्ही. मध्ये अंगण एकच. आई आली तेव्हा तिचं हिंदी म्हणजे मराठीच्या शेवटी ‘है’ लावलेलं. भाजीवाल्याला ती “ताजा पाहिजे है” असं बजावायची आणि तोही बिचारा ताजं द्यायचा. मी अकरा वर्षांची, शाळेत दिवसभर हिंदी, त्यामुळे घरी येऊन “आई, मतलब ऐक ना” असं काहीतरी बोलायची आणि वडिलांचा ओरडा खायची.

आईला दोन गोष्टी उत्तम यायच्या, शिवण आणि गाणं. गावाकडे लग्न निघालं की विहीण म्हणायला तिला हटकून बोलावणं असे. वरमाईची पंगत बसली की मुलीकडच्या बाईने म्हणायचं ते गाणं: आमची पोर तुमच्या पदरात टाकली, सांभाळून घ्या, चुकलीमाकली तर पोटात घाला. आई ते म्हणायला लागली की खाष्टातल्या खाष्ट वरमाईचा घास हातात राहायचा. चाचीजींकडच्या एका लग्नात आईने ते म्हटलं, तेव्हा अर्थ न कळताही बायका रडल्या होत्या. “हे काय गाणं?” असं चाचीजींनी विचारलं. आईने समजावून सांगितलं तर त्या हसायलाच लागल्या. “तुम्हारे यहाँ हाथ जोड़ते हैं? हमारे यहाँ तो समधी को गाली देते हैं!”

तिकडची रीत तशीच आहे. वरात जेवायला बसली की मुलीकडच्या बायका पडद्याआड बसतात आणि ढोलकीवर नवऱ्याच्या बापाला, काकाला, मामाला शिव्या गातात. तुमचं पोट केवढं, तुमची मिशी कोणाची, तुमची अक्कल कुठे गहाण पडली. पुरुषांनी मान खाली घालून जेवायचं, हसायचं, आणि वर गाणाऱ्या बायकांना नेग, म्हणजे खुशीचं काहीतरी, थाळीत टाकायचं. रागवायचं नाही. पंगतीतून तर उठायचंच नाही. गालीवर जो रागावला त्याच्या सात पिढ्यांचं हसं होतं. आईला ही रीत भयंकर वाटली होती. “व्याह्याला शिव्या? अगं बाई!” असं ती महिनाभर सांगत होती.

त्या वर्षी तीजेसाठी आईने सांगानेरी छापाचं कापड आणलं, पांढुरक्या जमिनीवर बारीक लाल फुलं. दोघी बहिणींना एकाच ताग्यातले फ्रॉक हा तिचा नियमच होता, भांडणं वाचतात आणि कापडही. मिरवणुकीला आम्ही त्रिपोलिया दरवाज्यापाशी उभे होतो. बहीण वडिलांच्या खांद्यावर. उकडत होतं, वडिलांचा चष्मा घामाने धुरकटला म्हणून त्यांनी तिला क्षणभर खाली उतरवलं. नेमकी त्याच वेळी कोणा बड्या माणसाच्या घरच्या बायकांची मोटार पुढे न्यायची म्हणून शिपायांनी लाठ्या आडव्या करून गर्दी रेटली. आम्ही सगळे भिंतीपर्यंत मागे गेलो. गर्दी मोकळी झाली तेव्हा वडील होते, आई होती, मी होते.

ठाण्यात गेलो तर थानेदार चहा पीत होता. उंच, गोरा, मिशांना तेल लावलेला, बोलायला गोड. मला त्याचं गोड बोलणंच आधी आठवतं आणि संताप येतो. “लड़का या लड़की?” त्याने विचारलं. मुलगी म्हटल्यावर तो निवांत झाला. “घबराइए मत बाबूजी. लड़की है, कहीं बैठी रो रही होगी. लड़का होता तो चिंता की बात थी.” त्या वाक्याला आईने पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तिचं हिंदी कच्चं होतं, पण एवढं कळायला पुरेसं होतं.

त्याने फोटो मागितला. फोटो होता तो बहीण पाळण्यात असतानाचा. मग आई मला घेऊन घरी गेली आणि माझ्या अंगावरचा तसलाच फ्रॉक घेऊन परत आली. शिपायांना नुसतं लाल फुलं म्हणून काय कळणार, कापडच हातात द्यावं, हा तिचा विचार. माझा फ्रॉक लांबीला मोठा, म्हणून हातात आला त्या निळ्या दोऱ्याने तिने त्याचा घेर वर दुमडून धावदोरा घातला, म्हणजे बहिणीएवढी उंची बघणाऱ्याला समजावी. दोरा निळा आणि टाके लांब लांब. एरवी असं काम तिने कोणाला दाखवलं नसतं. थानेदाराने फ्रॉक घेतला, घडी घातली आणि टेबलाच्या खणात ठेवला.

पुढे रोज वडील ठाण्यात जायचे आणि रोज त्याला काहीतरी हवं असायचं. सांभरला माणूस पाठवायचाय. अजमेरला मेळा आहे, तिथे दोन माणसं पाठवतो, त्यांची सोय बघा. एके दिवशी तो आमच्या घरी आला, तपासाला म्हणून, आणि त्याची नजर आमच्या रेडिओवर गेली. “हरवलेल्या मुलांची खबर आता रेडिओवर येते, आणि आमच्या ठाण्यात रेडिओच नाही,” तो म्हणाला. वडिलांनी दुसऱ्या दिवशी टांग्यात घालून रेडिओ नेऊन दिला. तो ठाण्यात एक दिवसही वाजला नाही. थानेदाराच्या घरी वाजायचा, त्याच्या शेजारणीने चाचीजींना सांगितलं.

वडिलांना हे कळत नव्हतं असं नाही. पण ते हिशेब खात्यातले सरळ माणूस. सरकारी माणूस सरकारी माणसाला फसवणार नाही असं त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं. रात्री आई विचारायची, “काय म्हणाला?” आणि वडील म्हणायचे, “चाललंय.” चाललंय हा शब्द मला अजून ऐकवत नाही.

पावसाळा सरला आणि एके सकाळी थानेदार स्वतः आला. बरोबर दोन शिपाई. चेहरा असा पाडलेला, की त्याच्याच घरचं कोणी गेलं असावं. गलत्याकडच्या डोंगरात एका कुंडात फ्रॉक सापडला, म्हणाला. मुलगी बुडाली, शरीर खाली गाळात रुतलं असणार, ते मिळणं कठीण. ओला फ्रॉक त्याने ओट्यावर ठेवला. पांढुरक्या जमिनीवर लाल फुलं. थानेदाराने पुढे केलेल्या कागदावर वडिलांनी सही केली, ते अक्षरही त्यांचं वाटत नव्हतं.

आई रडली नाही. तिने फ्रॉक उचलला, उलटा केला आणि घेर बोटांनी चाचपला. मी शेजारीच होते. निळा धावदोरा जिथल्या तिथे होता. खणात घडी घालून ठेवलेला माझाच फ्रॉक त्याने पाण्यात बुडवून परत आणला होता. दोन फ्रॉक एकाच कापडाचे, बाप्याच्या डोळ्याला दोन्ही सारखे, आणि कोणत्या फ्रॉकला कुठला दोरा घातलाय हे बघायची त्याला गरजच वाटली नव्हती.

“हा माझ्या मोठीचा आहे,” आई मराठीत म्हणाली. मग तेच हिंदीत म्हणाली. थानेदाराने वडिलांकडे पाहून हळू आवाजात सांगितलं, “माँ का दिल है, मानेगा नहीं. आप समझाइए.” आणि वडिलांनी, हे लिहितानाही मला त्यांचा राग येतो, वडिलांनी आईच्या खांद्यावर हात ठेवला.

नंतर दोरा दाखवल्यावर तेही हादरले. वरच्या साहेबाकडे गेले, त्याच्याही वरच्याकडे अर्ज केला. अर्ज फिरत फिरत त्याच थानेदाराकडे चौकशीला आला आणि त्याने लिहून पाठवलं, की बाईचं डोकं ठिकाणावर नाही. शेजारपाजारच्या बायका भेटायला यायच्या, पदर डोळ्याला लावायच्या. आई त्यांना दारातूनच परत पाठवायची. “मेरी लड़की मरी नहीं है. आप लोग चाय लो और जाओ.” तिचं हिंदी त्या काळात झपाट्याने सुधारलं. रागाने माणूस भाषा शिकतो हे मी तेव्हा पाहिलं.

तिचं म्हणणं एकच होतं. हा माणूस एवढा खटाटोप करतो म्हणजे याला काहीतरी माहीत आहे. पोर कोणी नेली, कोणत्या घरात आहे, हे तो जाणतो आणि त्याचं तोंड कोणीतरी बंद केलंय. ते तोंड उघडायचं. वडील खचले, पण आई त्या एका गोष्टीवर ताठ उभी राहिली. वडिलांची बदली पुण्याला आली तेव्हा ती जागची हलली नाही. पोर परत आली आणि दार बंद दिसलं तर? वडिलांनी हातापाया पडून बदली रद्द करून घेतली, ती करताना बढतीवर पाणी सोडलं.

दीड-दोन वर्षं अशी गेली आणि चाचीजींच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा कोणाचा हे आम्हाला दोन दिवस कोणी सांगेना. मग चाचीजी स्वतःच मागल्या दारी आल्या, खाली बसल्या आणि बोटातली अंगठी फिरवत राहिल्या. मुलगा तहसील कचेरीत होता, गुणी होता. बाप मात्र तोच थानेदार. “लड़का हीरा है, बाईजी. बाप का क्या करूँ?” त्या म्हणाल्या आणि रडल्या. मला वाटलं आई आता त्यांना हाकलून देते. आईने त्यांना पाणी दिलं आणि म्हणाली, “लग्नाला मी गाईन. आमच्याकडची विहीण.”

चाचीजींनी तिचे हात धरले. आई सगळं विसरली, मोठ्या मनाची, असं त्या दिवसापासून आळीभर झालं. मी आईकडे बघत होते. ती शांतपणे डाळ निवडत होती. मला तेव्हाच भीती वाटायला लागली.

लग्नाआधी दुपारी बायका चाचीजींच्या ओसरीवर जमायच्या आणि गाल्यांची तालीम चालायची. आई रोज जायची. ती कधी गायची नाही, फक्त ऐकायची. कुठली ओळ बायका उचलतात, कुठे ढोलकी थांबते, शब्द कुठे मोडतो, हे सगळं ती एखादं शिवण शिकावं तसं शिकत होती. मधेच एखाद्या म्हातारीला विचारायची, “भिगोने को तुम लोग क्या बोलते हो? धागे को क्या बोलते हो?” म्हातारी कौतुकाने सांगायची.

फेरे, म्हणजे आपली सप्तपदी, आदल्या रात्री झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी वरातीचं मुख्य जेवण. फेरे होईपर्यंत आई एक अक्षर बोलली नव्हती, हे मी नंतर जुळवलं. फेरे झाले म्हणजे लग्न मोडत नाही. चाचीजींच्या मुलीचं नुकसान होऊ नये एवढी काळजी तिने घेतली होती, आणि सूड घेणाऱ्या माणसाने एवढी काळजी घ्यावी याचा मला आजही अभिमान आहे.

अंगणात मांडव. पुरुषांची पंगत बसली. मधोमध थानेदार, अंगावर रेशमी अचकन, गुलाबी साफा, आणि त्याच्या उजव्या हाताला पोलीस खात्यातले एक बडे साहेब, खास पाहुणे. चिकाच्या, म्हणजे बांबूच्या काड्यांच्या, पडद्याआड आम्ही बायका. नेहमीच्या गाल्या झाल्या, कोणाच्या टकलाची, कोणाच्या ढेरीची. पुरुष हसत होते. मग चाचीजींनी मोठ्याने सांगितलं, आता आमच्या मराठी बाईजी त्यांच्याकडचं गाणं म्हणणार. आम्ही कोण हे त्या माणसाला माहीत होतंच. चिकातून मी पाहिलं, त्याने पडद्याच्या दिशेने हात जोडले. क्षमा केल्याबद्दल आभार मानावेत तसे.

आईने विहिणीचीच चाल धरली. तीच संथ, पोटातून येणारी, पोर पदरात टाकणारी चाल. आणि त्या चालीत तिने तिकडच्या बोलीतले शब्द घातले:

म्हारा समधीजी की अकल सवाई जी,
रेडियो में ढूँढे बेटी पराई जी.

बायकांनी सवयीने ओळ उचलली. तीस-चाळीस गळ्यांनी ‘बेटी पराई जी’ म्हटलं, काही हसल्याही. पंगतीतले दोन-चार जण मोठ्याने हसले, रेडिओची गोष्ट बऱ्याच जणांच्या कानावर होती. थानेदारही हसला. आई पुढे गेली.

कोरी फ्रॉक कुंड में भिजाई जी,
बोल्या, ले बाई, थारी बेटी आई जी.

ही ओळ बायकांनी उचलली, पण निम्म्या गळ्यांनी. ढोलकी वाजवणारीचा हात चुकला. चाचीजी आईकडे बघत राहिल्या. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, पण त्यांनी आईला थांबवलं नाही. आईने ढोलकीसाठी थांबायचं कारणच ठेवलं नाही. तिने शेवटची ओळ एकटीने म्हटली, सावकाश, एकेक शब्द वेगळा काढून:

नीले डोरे ने दी रे गवाही जी.

आणि मग ती म्हातारी, जिने तिला धाग्याला डोरा म्हणतात हे सांगितलं होतं, तिने खणखणीत आवाजात ती ओळ उचलली. तिच्यामागून सगळ्यांनी. निळा दोरा काय होता हे आळीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. आईने फ्रॉक दाखवायचं कोणाला बाकी ठेवलं नव्हतं.

तो उठू शकत नव्हता. उठला असता तर शिवी लागली असं झालं असतं, आणि शिवी लागते ती खरी असली तरच. त्याच्यासमोर ताट भरलेलं होतं. त्याने लाडू मोडला, तोंडात घातला, आणि तो चावत राहिला. सगळी वरात त्याच्याकडे बघत होती. मग कोणीतरी रीतीप्रमाणे नेगाची थाळी फिरवली, आणि त्याला अचकनीच्या खिशात हात घालून आपल्याच शिवीचं बक्षीस थाळीत टाकावं लागलं. मला इतका आनंद आयुष्यात फार थोड्या वेळा झाला आहे.

बड्या साहेबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि चाचाजींना विचारलं, “ये कौन-सी फ्रॉक की बात है?” आळीतले पुरुष आधी घुटमळले, मग बोलायला लागले. जेवण संपेपर्यंत साहेबांना सगळं समजलं होतं. अर्जांनी जे जमलं नव्हतं ते लाडवांच्या पंगतीत झालं. महिन्याभरात थानेदाराला ठाण्यावरून काढून पोलीस लाईनीत नुसतं बसवून ठेवलं, हातात काम नाही, समोर माणूस नाही. मग चौकशी झाली आणि नोकरीही गेली. रेडिओ परत आला. आईने तो कधीच लावला नाही.

चाचीजी आमच्याशी बरेच दिवस बोलल्या नाहीत, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण त्यांची मुलगी पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा मागल्या दाराने आमच्याकडे आली. आईने घाबरत विचारलं, सासरा तुला छळतो का? ती म्हणाली, “मुझे कैसे कुछ कहेंगे, काकीजी? कहें तो सब जान जाएँ कि गाली लग गई.” रीत अशी पक्की असते. ती पोर त्या घरात सुखात राहिली.

गाली मात्र थांबली नाही. तालमीला आलेल्या बायका आपापल्या नातलगांकडे लग्नाला गेल्या आणि गाणं घेऊन गेल्या. पुरानी बस्तीत ऐकू आलं, सांगानेरला ऐकू आलं. वरातीत कोणी खाकीतला व्याही दिसला की बायका हटकून तेच धरायच्या. पुढे पुढे त्यात नव्या ओळीही जोडल्या, आईच्या मूळ ओळींपेक्षा कितीतरी घाणेरड्या. आईला कोणी बोलावलं तर ती जायची. शहरातल्या लग्नसराईत ती तिच्या साताऱ्याच्या नऊवारीत जाऊन बसायची आणि गायची.

एक दिवस भर दुपारी तो आमच्या दारात आला. मी कॉलेजात जायला लागले होते, घरीच होते. दार मीच उघडलं. मिशा उतरल्या होत्या, कपडे साधे, पायात चपला. त्याला धाकटी मुलगी होती. तिला बघायला कोणी येईना, आले तरी परत फिरत. ज्या घरात गाणं पोचलं होतं तिथे सोयरीक जमेना. “बहनजी, बस कीजिए,” तो म्हणाला. “मेरी बच्ची का क्या कसूर?”

मला हसू आलं, आणि ते मी लपवलं नाही. आई दारात उभी राहिली. तिने त्याला आत बोलावलं नाही. “मेरी बच्ची कहाँ है?” तिने विचारलं. एवढ्या वर्षांचा राग ज्या प्रश्नासाठी साठवून ठेवला होता तो तिने शेवटी त्याला विचारला. कोणाकडे आहे एवढंच सांग. कोणी नेली. कोणाचं खाल्लंस. सांग आणि गाणं आजच बंद.

तो म्हणाला, “मुझे नहीं मालूम.”

आईचा विश्वास बसला नाही. तिने पुन्हा विचारलं. आणि त्या माणसाने, बहुतेक आयुष्यात पहिल्यांदा, खरं सांगितलं. कोणी काही दिलं नव्हतं. कोणाला वाचवायचं नव्हतं. सांभरला माणूस गेला नाही, अजमेरला गेला नाही. तेव्हा ठाण्याची वरून तपासणी व्हायची होती, अर्धवट राहिलेली प्रकरणं मिटवून दाखवायची होती, आणि खणात फ्रॉक होता. “मैंने ढूँढा ही नहीं, बहनजी.”

आईच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. त्याला काहीतरी माहीत आहे, या एका गोष्टीवर ती जगत होती. तिचा सगळा सूड म्हणजे खरं तर आशा होती. त्या दिवशी दारात ती आशा गेली. माणूस दुष्ट असता तर परवडलं असतं. हा नुसता आळशी होता, त्याला तपासणीच्या आधी टेबल मोकळं हवं होतं, आणि तेवढ्यासाठी त्याने आमची पोर बुडवली.

मग आई म्हणाली, “तो अब ढूँढो.”

त्याला कळलं नाही. आईने समजावून सांगितलं, अगदी शांतपणे, घरकामाच्या बाईला काम सांगावं तसं. मेळ्यात जा, स्टेशनावर जा, धर्मशाळा बघ, आश्रम बघ. मिळाली तर घेऊन ये, पत्ता लागला तर पत्ता आण. मी गाणं बंद करते. पण तू शोधणं बंद केलंस असं मला ज्या दिवशी कळेल, त्या दिवशी मी तुझ्या दारात येऊन गाईन. तो मान हलवून गेला.

आईने शब्द पाळला. त्याने पाळला की नाही हे बघायला ती मेळ्यांना जायची आणि लांबून बघायची. सुरुवातीला तो भीतीने शोधायचा, इकडे तिकडे बघत, आईची नऊवारी दिसते का हे शोधत. पुढे नऊवारीकडे बघणं सुटलं, शोधणं राहिलं. त्याच्या मुलीचं लग्न झालं, पुढे त्याची बायको वारली. मग आईही गेली, तिच्या पोटात बरेच दिवस काहीतरी दुखत होतं आणि तिने कोणाला सांगितलं नव्हतं. जाताना ती मला म्हणाली, “तो जातो का, बघत जा.” दुसरं काही म्हणाली नाही.

साठचं दशक संपायला आलं तेव्हा माझं लग्न झालं होतं आणि नवरा दुर्गापुऱ्याच्या शेतकी केंद्रात नोकरीला होता. तेव्हा दुर्गापुरा म्हणजे शेतं, चार घरं आणि एक छोटं स्टेशन. एका सकाळी नणंदेला गाडीत बसवायला गेले होते. गाडी थांबली तसा एक म्हातारा फलाटावरून डब्यांच्या खिडक्यांमधून डोकावत निघाला. प्रत्येक खिडकीपाशी थांबायचा, आत बघायचा, पुढच्या खिडकीपाशी जायचा. पाठ वाकली होती, पण उंची ओळखीची होती. गाडी सुटल्यावर तो माझ्याकडे आला. त्याने मला ओळखलं नाही.

“बेटी, गाड़ी से कोई बच्ची उतरी क्या?” त्याने हात खाली नेऊन आपल्या मांडीपाशी धरला. “इतनी सी. चार बरस की.”

माझी बहीण तेव्हा सोळा-सतरा वर्षांची असती. साडी नेसली असती, कदाचित कुणाच्या घरात नांदत असती. त्या गाडीच्या खिडकीत ती खरंच बसलेली असती तरी याला दिसली नसती, कारण इतकी वर्षं हा चार वर्षांची मुलगी शोधत होता. त्याच्या डोक्यात ती वाढलीच नव्हती. तो अशी मुलगी शोधत होता जी आता जगात कुठेच नव्हती, आणि हे त्याला सांगायला माझ्याशिवाय कोणी उरलं नव्हतं.

एक वाक्य पुरलं असतं. बाबा, ती आता मोठी झाली असेल, तुम्ही घरी जा. आईने दिलेली शिक्षा माफ करायचा अधिकार आता माझा होता. मी त्याच्या हाताकडे पाहिलं. तो अजून मांडीपाशी होता, बरोबर तिच्या उंचीवर. खरं सांगायचं तर माझ्याही डोळ्यांपुढे ती तेवढीच येते.

“नहीं बाबा, इसमें तो नहीं थी,” मी म्हटलं. “अगली गाड़ी में देखना.”

त्याने मान हलवली आणि बाकावर जाऊन बसला. पुढची गाडी संध्याकाळी होती.